घरची ओळ

नालूम, १२ मार्च

थिएम पोरी,

जेवलीस का? आधी ते सांग, बाकीचं मागाहून. तुझं पत्र चहाच्या ट्रकवाल्या थांगनं परवा आणून दिलं. केवढा गुळगुळीत कागद गं! वर हिरवं पान छापलंय, त्याखाली बाटली, बाटलीखाली तुझं नाव. मी ते घराच्या शिडीवर बसून तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा मोठ्यानं, म्हणजे शेजारच्या मुइला ऐकू जावं. ती डुकराला कोंडा घालत होती. "ऐकू आलं ऐकू आलं, नात सल्लागार झाली, आता अख्ख्या प्रांताला शिकवणार! माझं डुक्कर तरी जेवू दे," म्हणाली. जळते मेली. तिची नात कारखान्यात फोनच्या काचा पुसते, तुझ्या आईबापाच्याच रांगेत.

सरकारी शेती सल्ला केंद्रात तू होतीस तेव्हाही तू सल्लागारच होतीस ना? मग आता नवीन काय, ते मला नीट कळलं नाही. पण मोटरसायकल मिळाली म्हणतेस, अकरा गावं दिली म्हणतेस, तर मोठंच काहीतरी असणार. तुझा आजा म्हणाला, "अकरा गावं म्हणजे अकरा ठिकाणी जेवण. पोरगी आता गुबगुबीत होणार." त्याला दुसरं सुचतंच काय.

फोन का करत नाही म्हणून रागावू नकोस. फोनवर तू ओरडतेस, मी ओरडते, आणि शेवटी दोघींनाही इतकंच कळतं की दोघी जिवंत आहोत. एकसष्टाव्या वर्षी तू मला अक्षरं शिकवलीस ती वाया का घालवू?

तू शिकवलंस तसं दर सोमवारी चालूच आहे. दहा झुडपं सुपावर हलवते आणि पडेल त्या एका किड्यामागे एक दाणा टाकते. रस पिणाऱ्या तुडतुड्यांसाठी घेवड्याचे दाणे एका बांबूच्या नळीत, आणि त्यांना खाणाऱ्या कोळ्यांसाठी मक्याचे दाणे दुसऱ्या नळीत. या सोमवारी घेवडा चौदा, मका बावीस. मका जास्त, म्हणून फवारणीचा पंप खुंटीलाच. चौथं वर्ष झालं त्याला. आता तांबडी कोंबडी त्यात अंडी घालते.

तुला आठवतंय का, तू लहान असताना आमच्याकडे दोन तऱ्हेचा चहा असायचा. डोंगरावरचा विकायचा, त्याला दुकानदाराचं औषध. आणि स्वयंपाकघरामागची घरची ओळ, तिला फक्त शेण न् राख. दुकानदाराच्या औषधावर कुणाचा भरवसा? आजा म्हणायचा, "ते शहरवाल्यांच्या पोटाला, हे आपल्या." लाज वाटायची नाही मेल्याला, आम्हालाही नाही. मग तू सगळ्या बायकांना सूप हलवायला शिकवलंस आणि आता डोंगरावरचं कुठलंही पान तोडून पातेल्यात टाकता येतं. सगळा डोंगरच घरची ओळ झालाय. हे मी थांगला सांगितलं तर तो म्हणाला, आजी, पण पानं चावलेली दिसतात, व्यापारी नाक मुरडतो. म्हटलं, मुरडू दे, त्याचं नाक आहे.

आजानं या हंगामाचा पहिला घाणा भाजला. सोबत मूठभर पाठवते. कढईत हात कसा फिरतो अजून त्याचा! एक पान करपत नाही.

ढगाखालच्या डोंगरातून,
तुझी आजी साओ

फू थो, ३ एप्रिल

आजी,

चहा मिळाला. आल्या आल्या पातेल्यात टाकला आणि वास आला तसं रडू आलं, सर्दी झालीय म्हणून सांगितलं खोलीतल्या मुलींना.

काम चांगलं चाललंय. केंद्रासारखंच आहे सगळं, फक्त पाटी बदलली. इथे प्रत्येक सल्लागारानं आपल्या माहितीच्या एका गावात नमुन्याचा मळा करून दाखवायचा असतो. मी नालूमचं नाव दिलं. आपलं गाव स्वच्छ आहे, बायका ऐकतात, आणि तू आहेस.

थांगबरोबर बारा बाटल्या पाठवतेय. 'हिरवी ढाल' नाव आहे. एका पंपाला दोन झाकणं. साहेब म्हणतात, जुन्या औषधांपेक्षा सौम्य आहे. फवारल्यावर चौदा दिवस खुडायचं नाही, हे मात्र सगळ्यांना सांग. हातमोजे, तोंडाला फडकं. पानं चावलेली दिसणार नाहीत, व्यापारीही खूश होईल. तू आधी केलंस की बाकीच्या करतील, हे मला माहीत आहे.

घेवडा-मक्याचं लिहीत जा. आजोबांना सांग, मी गुबगुबीत झालेली नाही.

थिएम

नालूम, १० मे

थिएम पोरी,

जेवलीस का? मी आज चिकट भात आणि बांबूचे कोंब केले, आणि एका पानात तुझ्या नावानं वाढून मग स्वतःच खाल्लं.

आता ऐक, इकडे केवढी मजा झाली! थांगनं बाटल्यांचं खोकं आणलं आणि मी पारावर नव्हे, सरळ आपल्या अंगणातच बायकांना बोलावलं. अठरा जणी आल्या. मुइ सगळ्यात आधी, विड्याचं पान चघळत. मी तुझं पत्र वाचून दाखवलं. दोन झाकणं, चौदा दिवस, फडकं, सगळं. शाळामास्तरासारखी काठीच घेतली होती हातात. पंपातल्या अंड्यांची व्यवस्था दुसरीकडे केली, कोंबडी दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हती.

तेवढ्यात मुइ म्हणते कशी, "साओ, हे औषध डोंगरावर मारशील, आणि घरच्या ओळीवर?"

मी म्हटलं, "घरच्या ओळीवर कोण मारतं?"

"म्हणजे हेही दुकानदाराच्याच औषधासारखं. लोकांच्या पोटाला." आणि हसली. लाल दात दाखवत. "नातीवर एवढाच भरवसा होय?"

अठरा जणी माझ्याकडे बघायला लागल्या. पोरी, मला असं झालं की कुणी तुझ्याच अंगावर थुंकलं. मी पंप पाठीला लावला, स्वयंपाकघरामागं गेले आणि घरच्या ओळीवर, सगळ्यांच्या देखत, या टोकापासून त्या टोकापर्यंत मारलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. म्हटलं, दुकानदार परका होता. हे माझ्या पोरीचं आहे. मुइचं तोंड असं बंद झालं! दुसऱ्या दिवशी तिनंही आपल्या घरच्या ओळीवर मारलं. मग खालच्या घरातल्या लान्हीच्या सासूनं, मग सगळ्यांनीच. कुणी मागं राहिलं तर नातीवर भरवसा नाही असं होणार ना.

आणि काय पानं आली गं! एकालाही भोक नाही. तेल लावल्यासारखी. सोमवारी सूप हलवलं तर घेवडा शून्य. मकाही शून्य. दोन्ही नळ्या रिकाम्या! असं मी चार वर्षांत पाहिलं नव्हतं. मुद्दाम विसाव्या झुडपापर्यंत गेले, सुपात नुसती धूळ. केवढं जालीम! पंधरा दिवसांनी पुन्हा मारलं.

डोंगरावर चौदा दिवस थांबतो आम्ही, अगदी मोजून. घरच्या ओळीचं मात्र रोजच्या पातेल्यापुरतं खुडावंच लागतं, तुझा आजा चौदा दिवस बिनचहाचा राहिला तर तिसऱ्या दिवशी मलाच भाजेल कढईत.

बदकं मेली, पाचही. तळ्यावर तरंगत होती. यंदा ऊन फार आहे.

आजाला जरा बरं नाही. तोंडाला पाणी सुटतं, सारखं पुसतो. मी म्हटलं, शेजारच्या म्हातारीकडे बघून सुटतं काय? तर नुसता हसला, उलट काही बोलला नाही. त्याच्या तोंडून उत्तर येत नाही म्हणजे वयच झालं म्हणायचं. परवा त्यानं घाणा करपवला. हात थरथरतो म्हणाला. मी कुणाला सांगितलं नाही, तूही सांगू नकोस.

बाटल्या आणखी पाठव. आठच दिवस पुरतील.

अठरा जणींची मास्तरीण,
आजी साओ

फू थो, २२ मे

आजी,

पत्र वाचलं. दोनदा वाचलं.

घरच्या ओळीला सध्या हात लावू नका. फवारूही नका आणि खुडूही नका. झाडांना विश्रांती हवी आहे, नवीन औषधाची सवय व्हायला वेळ लागतो. निदान दोन महिने. मुइआजी आणि बाकीच्यांनाही तसंच सांग. तोवर बाजारातून चहा आणा, नाहीतर नुसतं गरम पाणी प्या, उन्हाळ्यात तेच बरं.

बाटल्या इतक्यात पाठवत नाही. साठा संपलाय.

आजोबांना खालच्या दवाखान्यात नेऊन दाखव. लवकर ने. त्यांना घाम येतो का, डोळ्यांपुढे धुकं येतं का, ते लिही. मला जूनच्या शेवटी रजा मिळेल.

थिएम

नालूम, १६ जून

थिएम पोरी,

जेवलीस का? तुझं पत्र फार लहान होतं. सल्लागार झालीस म्हणजे कामं असतील. पण रजा मिळणार हे वाचून मी उठून सगळ्या गोधड्या वाळत घातल्या. आजाला म्हटलं, पोरगी येतेय, तर उठून बसला. तू लिहिलंस म्हणून सांगते, हो, घाम येतो, थंड सकाळीही. आणि दिव्याभोवती धुकं दिसतं म्हणतो. तुला कसं कळलं गं? एवढ्या लांबून? मुइला सांगितलं तर ती पण म्हणाली, पोरगी हुशार आहे. मुइनं म्हटलं, म्हणजे बघ.

दवाखान्यात नेलं होतं, थांगच्या ट्रकमध्ये पुढे बसवून. डॉक्टर पोरसवदा होता. म्हणाला, आजोबा, वय किती? एकाहत्तर. मग काय, वयच झालं. पोटाच्या पांढऱ्या गोळ्या दिल्या. काय काय औषधं घरात वापरता म्हणून काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही, आपण कुठं काय खातो.

घरच्या ओळीला विश्रांती हवी असं तू लिहिलंस. मी सगळ्यांना वाचून दाखवलं. मुइनं लगेच आपल्या ओळीभोवती दोरी बांधली, कुणी आत जाऊ नये म्हणून बाळंतिणीच्या खोलीला बांधतात तशी. मीही बांधली. माझ्यासाठी खुडत नाही, गरम पाणी पिते, अगदी तुझ्या शब्दाबाहेर नाही. पण तुझ्या आजाला गरम पाणी दिलं तर त्यानं वाडगा बाजूला सारला. बाजारचा चहा आणला तर म्हणाला, हे गवत आहे. जेवण उतरत नाही, भात तोंडात फिरत राहतो. एकच गोष्ट आवडीनं घेतो, घरच्या ओळीचा ताजा पाला उकळून. मग मी रोज दोरीखालून वाकून जाते आणि फक्त त्याच्यापुरता खुडून आणते. आधी दोन वाडगे प्यायचा, आता जेवत नाही म्हणून मी पाच देते. पोटात काहीतरी जायला नको का? झाडाला विश्रांती हवी हे खरं, पण म्हाताऱ्याला चहा हवा. दोघांत मी म्हाताऱ्याला निवडलं. झाडांची माफी मागितली. तुझीही मागते. रागावू नकोस.

काल पाचवा वाडगा प्यायला आणि म्हणाला, "थिएमच्या औषधानं चव जरा बदलली. पण पोरीचं आहे." मग झोपला. झोपेत पाय उडतात त्याचे, कुत्र्याच्या पिल्लाचे उडतात तसे. मला हसू आलं.

लवकर ये. डुक्कर राखून ठेवलंय.

तुझ्या वाटेकडं डोळे लावलेली,
आजी

फू थो, २० जुलै

आजी,

तुझं पत्र २५ जूनला हातात पडलं. मी तशीच निघाले, मोटरसायकल घेऊन, कुणालाही न सांगता. दुसऱ्या दिवशी दुपारी आपल्या शिडीपाशी पोचले तेव्हा पायऱ्यांना पांढरं फडकं बांधलेलं होतं. तू म्हणालीस, "काल गेला, तुझी वाट बघत होता," आणि लगेच म्हणालीस, "जेवलीस का?"

मी तीन दिवस होते. तीन दिवसांत मी तुला सांगायला हवं होतं. मुइआजी माझा हात धरून सगळ्यांना सांगत होती की हीच आमची सल्लागार. तूच माझ्यासाठी डुक्कर कापलंस. माझ्या तोंडून निघेना. आता लिहितेय. लिहिणं सोपं आहे, त्यात तुझं तोंड दिसत नाही.

सल्ला केंद्र गेल्या वर्षी बंद झालं, आजी. आमच्यापैकी दोघांना दुसऱ्या कचेरीत घेतलं, बाकीच्यांना घरी पाठवलं. त्यात मी होते. हे मी तुला सांगितलं नाही. तू गावभर सांगितलं होतंस ना, सरकारी नोकरी म्हणून. नंतर मला घेतलं ते औषध विकणाऱ्यांनी. त्यांच्याकडे विकणाऱ्यालाच सल्लागार म्हणतात. नमुन्याचा मळा म्हणजे जिथून पुढे बाटल्या खपतात तो मळा. हिरवी ढाल सौम्य आहे असं मला सांगितलं गेलं आणि मी मानलं. मानायला सोपं होतं.

ते सौम्य नव्हतं. लाळ, घाम, थरथर, डोळ्यांपुढचं धुकं, हे केंद्रातल्या पहिल्या आठवड्यात शिकवतात. विषबाधेची खूण म्हणून. तुझ्या मे महिन्यातल्या पत्रात लाळ आणि थरथर होती, बदकंही होती. तुझ्या नळीत मक्याचा एक दाणा नव्हता. मला तेव्हाच कळलं.

कळलं आणि मी लिहिलं, झाडांना विश्रांती हवी.

खरं लिहायला हवं होतं: विष आहे, तो चहा ओतून टाका, आजोबांना बाटलीसकट मोठ्या इस्पितळात न्या. पण मग नोकरीचं सांगावं लागलं असतं, अठरा जणींना सांगावं लागलं असतं. वाटलं, दोन महिने चहा बंद झाला की आपोआप बरे होतील. जूनमध्ये जाऊन समोरासमोर सांगेन. आजोबा गरम पाणी पिणार नाहीत हे मला माहीत असायला हवं होतं. मी त्यांच्याच मांडीवर बसून त्या वाडग्यातून प्यायला शिकले.

घरच्या ओळीवर मारू नका, असं पहिल्या पत्रात लिहायचं माझ्या मनातही आलं नव्हतं. घरच्या ओळीवर कोण मारतं? माझ्यासाठी कुणी मारेल, हे मला सुचलंच नाही.

मी नोकरी सोडली. ते आता सांगून काही उपयोग नाही.

आजी, तूही प्यायली आहेस. निदान महिनाभर. कृपा करून मोठ्या इस्पितळात जा, थांगला मी निरोप दिलाय, तो नेईल. बाटली बरोबर ने. हे सगळ्यांना वाचून दाखव. माझं नाव गाळू नकोस.

थिएम

नालूम, ९ ऑगस्ट

थिएम,

मी इस्पितळात जाऊन आले. रक्त काढलं. बाटली बघून तिथल्या बाईनं मला खूप प्रश्न विचारले, आजाबद्दलही. वहीत लिहून घेतलं. मी जगेन म्हणाली. डोकं दुखतं ते हळूहळू जाईल.

तुझं पत्र मी आधी एकटीनं वाचलं. दोन दिवस लागले. काही शब्द कळत नव्हते म्हणून नाही. मग अंगणात सगळ्यांना बोलावलं, अठरा जणी त्याच, काठी मात्र घेतली नाही. माझ्याच तोंडून त्यांनी पहिलं ऐकलं होतं, तर हेही माझ्याच तोंडून ऐकावं. तुझं नाव गाळलं नाही. वाचून झालं. मुइला मी म्हटलं, "बोल. तुझी पाळी आहे." ती म्हणाली, "मी काय बोलू? भरवशाचं मीच काढलं होतं ना." आणि गेली. संध्याकाळी वाटीभर मीठ घेऊन आली, उसनं घेतलेलं होतं म्हणे. मी तिला मीठ कधीच दिलं नव्हतं.

लान्हीच्या सासूच्या तोंडालाही पाणी सुटतं. तिनं आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. परवा थांग तिला घेऊन गेला.

मी रागावले नाही असं लिहिणार होते. पण तू मला अक्षरं शिकवलीस ती खरं लिहायला, आणि खोटं लिहायला मला अजून नीट येत नाही. तेव्हा ते राहू दे. तू खऱ्याखालून वाकून लिहिलंस आणि मी दोरीखालून वाकून गेले. पाच वाडगे माझ्या हातचे होते. त्याला मीच जबरदस्ती करायची, घे रे अजून घोटभर म्हणून. हे तू तुझ्या पत्रात कुठंच लिहिलं नाहीस. मला कळलं का लिहिलं नाहीस.

बाटल्या पुरून टाकू नका, पाण्यात जाईल, असं इस्पितळातल्या बाईनं सांगितलं. म्हणून पडवीत ठेवल्यात, वर टोपली. पंप पुन्हा खुंटीला लावला. कोंबडी त्यात जात नाही. सोमवारी सूप हलवलं. घेवडा एकतीस. तुडतुडे आले परत, दुप्पट होऊन. मका शून्य. घेवडा लगेच येतो, मक्याला वर्ष लागेल म्हणतेस का दोन? ते लिही. तुला नाही तर कुणाला विचारू? केंद्र तर बंद झालंय म्हणतेस.

आणि एक विचारायचं आहे. त्यासाठीच खरं तर बसले लिहायला, बाकीचं उगाच लांबलं.

आज आजाला जाऊन पंचेचाळीस दिवस झाले. शंभर दिवस होईपर्यंत रोज सकाळी त्याच्या फोटोपुढं उदबत्ती, भात आणि चहाचा वाडगा ठेवायचा असतो, तुला माहीत आहे. मेलेल्या माणसाला आपल्या घरचा चहा लागतो, बाजारचा ठेवत नाहीत. त्याला तर जिवंतपणीही चालत नव्हता. डोंगरावर मी वरपासून खालपर्यंत फिरले. मुइच्या ओळीत बघितलं. लान्हीच्या सासूच्या, पार त्या टोकाच्या विधुराच्या परसातही बघितलं. नालूममध्ये आपण न फवारलेलं एक झुडूप नाही.

सध्या मी वाडग्यात गरम पाणी ठेवते. तो बाजूला सारत नाही.

अजून पंचावन्न दिवस राहिलेत. तू सल्लागार आहेस ना, पोरी. सांग, त्याच्यासाठी पान कुठलं खुडू?

आजी